हलसंगी सरांचं रक्त

हलसंगी सर रोग्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याचा हात हातात घ्यायचे. पंजा उलटा करायचे, अंगठ्याने तळव्यावर दाबायचे, सोडायचे आणि रक्त परत कसं भरतं ते बघत राहायचे. मग मान वर न करता आम्हाला म्हणायचे, "नोडु." कानडीत नोडु म्हणजे बघ. तळवा गुलालात बुडवल्यासारखा लाल असला, की मग ते पहिल्यांदा रोग्याच्या डोळ्यांत बघत आणि विचारत, "किती पितोस?"

रोगी म्हणायचा, "न्हाय पीत, सायेब."

"सगळे हेच सांगतात," सर आमच्याकडे वळून म्हणायचे. "तोंड खोटं बोलतं. यकृताला खोटं बोलता येत नाही."

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. मी माळशिरसकडून सोलापूरला डॉक्टर व्हायला आलेली. वर्गात मुली अगदी थोड्या. सर कुणालाच नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी 'माळशिरस'. एक मुलगा मुंबईचा होता. तो जरा कुठे रेंगाळला की सर म्हणायचे, "मुंबई, तू इथे हवापालटाला आलायस का?" ते स्वतः अक्कलकोटच्या पलीकडच्या मैंदर्गीचे. धाकटा भाऊ तिथे बियाण्यांचं दुकान चालवायचा. घरात बायकोशी कानडी, वॉर्डात कोरडं, मोजकं मराठी. उत्तर बरोबर आलं तर "बरं, पुढं." चुकलं तर "तुझ्या गावाला कळव, डॉक्टर दुसरा शोधा म्हणून." यापलीकडे कौतुकाचा किंवा रागाचा तिसरा शब्द आम्ही त्यांच्याकडून ऐकला नाही.

माणूस उंच, काळासावळा. हातांवर दाट केस. दाढी तर अशी, की सकाळी केलेली दुपारपर्यंत गालांवर निळी दिसायला लागायची. सात रस्त्याला रजाकभाईंचं सलून होतं, तिथे ते रोज कॉलेजला येताना सायकल लावत. खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. व्यसन कशाचंच नाही, चहासुद्धा नाही. दारूबंदी सैल होऊन गिरणीभागात देशीची दुकानं उघडली होती, त्यांच्यावरून जाताना ते म्हणे सायकलवरून उतरून तोंड दुसरीकडे करून चालत. खरं-खोटं माहीत नाही. पण दारू पिणाऱ्या माणसाची त्यांना दया येत नसे, एवढं आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं.

नरसय्या वॉर्डात आला तो अशा काळात. यंत्रमागावर काम करणारा तेलुगू माणूस, चाळिशीच्या आतला. हातपाय काटक्या, पोट पाण्याने टम्म. सरांनी हात बघितला आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

"तागनु, सार," तो म्हणाला. मग मराठीत, "पीत न्हाई. मार्कंडेयाची आन."

"देवाला कशाला मध्ये आणतोस? बंडी काढ."

त्याने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले आणि आम्हा मुलींकडे बघितलं. "पोरी हायत, सार."

"पोरी नाहीत त्या. डॉक्टर आहेत."

"डॉक्टर व्हायला येळ हाय अजून त्यांना," तो हळूच म्हणाला. "आज पोरीच हायत."

सरांनी स्वतः पुढे होऊन त्याची बंडी डोक्यावरून ओढून काढली. आत वयात येणाऱ्या मुलीची असावी तशी छाती होती, आणि अंगावर एक केस नव्हता. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर शांतपणे शिकवायला लागले. प्रत्येक पुरुषाच्या रक्तात थोडं स्त्रीचं हार्मोन असतंच. यकृत ते रोज मोडून बाहेर काढतं. यकृत गेलं की ते रक्तात साठतं, आणि पुरुषाचं जे असतं ते उतरत जातं. दाढी विरळ होते, काखेतले केस झडतात, छाती भरते, पुरुषपण आटतं. "लिहून घ्या," सर म्हणाले, आणि आम्ही लिहून घेतलं. नरसय्या छताच्या पंख्याकडे बघत पडला होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं, आणि ते पुसायला हात सोडवून घ्यावा असं त्याला वाटत नव्हतं, कारण हात पुन्हा छातीवर गेले होते.

तेव्हा काविळीच्या एका प्रकारासाठी रक्ताची नवी तपासणी निघाली होती, ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणून. सरांनी ती नरसय्याची करवली. ती पॉझिटिव्ह निघाली. मग बायकोला खोदून विचारल्यावर कळलं, की काही वर्षांपूर्वी तापात त्याने गल्लीतल्या एका सुई टोचणाऱ्याकडून इंजेक्शनं घेतली होती. त्याच सुईने सगळ्या गल्लीला. नंतर कावीळ झाली, डोळे पांढरे झाले, सगळे विसरले. कावीळ मात्र आत राहिली आणि यकृत खात बसली. दारूचा थेंब त्याने कधी घेतला नव्हता.

सरांनी हे आम्हाला व्हरांड्यात सांगितलं. "मी चुकलो," म्हणाले.

मुंबईने विचारलं, "सर, त्याला सांगणार?"

"काय सांगू? माफी मागितली तर त्याच्या पोटातलं पाणी उतरेल?"

नरसय्या दिवाळीच्या आधी गेला. प्रेत उचलताना वॉर्डबॉय दुसऱ्याला म्हणाला, "पिऊन मेलं बेनं, पोरं उघडी टाकून." सर चार पावलांवर होते. थांबले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग ते पुढच्या खाटेकडे गेले आणि तिथल्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

त्या दिवसानंतर त्यांनी 'किती पितोस' हे विचारणं सोडलं नाही. पण उत्तर ऐकल्यावर काही बोलेनासे झाले. आणि वॉर्डात एक पडदा आला. हिरव्या कापडाचा, चाकांच्या चौकटीवर. कुणी आणला हे आम्ही विचारलं नाही.

पडद्यामागे सरांनी एक काम सुरू केलं. ज्यांचं यकृत दारूने गेलं आणि ज्यांचं नुसत्या काविळीने गेलं, अशा दोन्ही तऱ्हेच्या पुरुषांच्या रक्तात ही हार्मोनं किती आहेत, ते मोजायचं. न पिणाऱ्यांतही तोच बिघाड दिसला, तर अशा प्रत्येक माणसाला दारुड्या ठरवायचं कारण उरत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. असली मोजणी तेव्हा सोलापुरात होत नव्हती. सर रक्त काढायचे, वरचं पिवळं पाणी वेगळं करून गोठवायचे आणि बर्फाने भरलेल्या थर्मासमधून मुंबईच्या गाडीने पाठवायचे. बर्फासाठी बर्फाच्या कारखान्यात स्वतः जायचे. एकदा गाडी वाटेत खोळंबली आणि सगळं पाणी होऊन पोहोचलं. सरांनी त्या सगळ्या रोग्यांकडे परत जाऊन पुन्हा रक्त मागितलं. "माझ्यासाठी द्या," असं ते एका गवंड्याला म्हणाले, तेव्हा मी शेजारी उभी होते आणि मला माझ्या कानांवर विश्वास ठेवायला वेळ लागला. विभागाच्या प्रमुखांनी परवानगी दिली होती. प्रमुख गोड बोलणारे, टायची गाठ कधी सैल न होणारे गृहस्थ. ते म्हणाले होते, "करा की हलसंगी. तुम्हाला हौस आहे."

अशाच एका रोग्याने सुई टोचताना हात झटकला आणि काचेच्या सिरिंजची सुई सरांच्या अंगठ्यात गेली. सरांनी नळाखाली हात धरला, बोट दाबून रक्त काढलं आणि राहिलेलं काम पुरं केलं. पुढे काही महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. ते रजेवर गेले, आणि रजा संपायच्या आधीच परत आले. आम्ही मागून त्यांना 'काविळे सर' म्हणायला लागलो. नाव आमच्याच वर्गाने ठेवलं होतं.

पुढच्या वर्षीची एक सकाळ. फेरी सुरू व्हायची होती. सर वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "आज सलूनमध्ये रजाकभाई मला काय म्हणाला सांगतो. म्हणाला, 'डागदरसाब, रोज काय कू आते? दो दिन आड आव. अब काय है छिलने कू?'" रजाकभाईची दखनी ते जशीच्या तशी बोलले, आम्हाला हसू आलं. सर हसले नाहीत. "न्हाव्याने माझं निदान केलं. तुम्ही सगळे रोज माझ्यासमोर उभे असता. एकालाही दिसलं नाही."

त्यांनी अ‍ॅप्रन काढला आणि खाटेच्या दांडीवर ठेवला. मग शर्टाची बटणं काढायला लागले. पडदा भिंतीला लावलेला होता. तो कुणी ओढून आणावा असं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी सरांनी आणू दिला नसता.

"माळशिरस, पुढे ये. हात बघ."

मी बघितला. "तळवे लाल आहेत, सर."

"पुढं."

"खांद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा."

"पुढं."

मला पुढचं दिसत होतं. सर लिंगायत, गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा त्यावर टेकला होता.

"पेपरात लिहिशील, आणि रोग्यासमोर म्हणता येत नाही? म्हण."

"छातीवर स्तनांची वाढ."

"बरं. आता विचार, किती पितोस म्हणून."

"सर..."

"विचार."

"सर, तुम्ही किती पिता?"

"पीत नाही," सर म्हणाले. मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाले, "आता मला सांग की मी खोटं बोलतोय. मी सांगत होतो ना, तसं सांग."

वॉर्डातले रोगी उशांवरून माना उचलून आपल्या डॉक्टरकडे बघत होते. कोपऱ्यातल्या खाटेवर मोहोळकडचा एक म्हातारा होता, दम्याचा. तो उठून बसला आणि म्हणाला, "घाला की सायेब आंगात. वारं लागंल."

"लागू दे," सर म्हणाले. आणि तसेच उभे राहून त्यांनी तास पुरा केला.

त्यांनी हे धैर्य म्हणून केलं असं पुढे काही जण सांगत. मला तसं वाटत नाही. ते त्या दिवशी फार चिडलेले होते. स्वतःवर, आमच्यावर, मेलेल्या नरसय्यावरसुद्धा.

बातमी दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत झाली. डॉक्टरांच्या खोलीत तिला वेगळंच वळण लागलं. "यकृत असं उगाच जात नाही," कुणी म्हणालं. "लिंग गळ्यात असतं, बाटली कपाटात असते." हे बोलणारे सगळे काविळीचा धडा शिकलेले, शिकवणारे लोक होते. सरांच्या घरी मी एकदा पुस्तक परत करायला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, चुलीपुढे पथ्याची, बिनमिठाची भाकरी भाजत होत्या. मला म्हणाल्या, "ताक जरा आंबलं तर तोंडाला लावत नव्हते गं. आणि काल भाजीवाली मला विचारती, सायेब सुटले का म्हणून. कशातनं सुटले, विचारलं मी. तर हसली." त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावरूनही आता लोक बोलत असतील, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

आतून शेंगाचटणीवरून सरांचा आवाज आला. मिठाशिवायची चटणी म्हणजे भुईमुगाचा भुसा, असं काहीतरी कानडीत म्हणाले. अक्का म्हणाल्या, "गप खावा."

मुंबईहून आकडे येत राहिले. सरांनी स्वतःचं रक्तही त्याच थर्मासमधून पाठवलं होतं. न पिणाऱ्यांच्या रक्तात पुरुषाचं हार्मोन उतरलेलं होतं आणि स्त्रीचं चढलेलं, पिणाऱ्यांच्यासारखंच. सर जे म्हणत होते तेच निघालं. पण तोवर त्यांना जिना चढवेना. लेख लिहायचं काम प्रमुखांनी आपल्याकडे घेतलं.

पुण्याला डॉक्टरांची एक परिषद होती, तिथे प्रमुखांनी तो वाचला. मी तेव्हा पास होऊन त्याच वॉर्डात नोकरीला लागले होते. सर माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत, सैल कोट घालून. पडद्यावर आलेख आला. एकेक रोगी म्हणजे एकेक काळा ठिपका. प्रमुखांनी छान वाचलं. मग पुढच्या रांगेतून एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे जे न पिणारे म्हणता, ते न पिणारे आहेत कशावरून? आपल्याकडे कोण कबूल करतं?"

सभागृह हसलं. प्रमुखही हसले. "मुद्दा मान्य आहे," ते म्हणाले. "रोग्याच्या शब्दावर किती विसंबायचं हा प्रश्न राहतोच."

सर खुर्चीच्या पाठीला धरून उठले. "डावीकडचा, सगळ्यात खालचा ठिपका माझा आहे," ते म्हणाले. "मी डॉक्टर आहे. मी पीत नाही."

सगळे वळून बघत होते, आधी सरांच्या चेहऱ्याकडे आणि मग, न राहवून, कोटाकडे. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, आभार मानले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं.

चहाच्या वेळी माझ्यापुढे दोघे उभे होते. एक म्हणाला, "वाईट वाटतं. पण सगळे असंच सांगतात." सरांनी ऐकलं. ते पाणी पीत होते. पेला खाली ठेवून मला म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. आणि वर यकृताचं वाक्य टाकलं असतं."

लेख छापून आला त्यात सरांचं नाव शेवटी, आभारात होतं. शिवाय प्रमुखांनी एक वाक्य घातलं होतं, की या रोग्यांची मद्यपानाबद्दलची माहिती भरवशाची धरता येत नाही. एवढ्या बर्फाचं, एवढ्या रक्ताचं त्या एका वाक्यात पाणी झालं. सरांनी ते वाचलं की नाही मला माहीत नाही. ते तोवर नोकरी सोडून मैंदर्गीला गेले होते.

माझी बदली नंतर त्याच तालुक्यात एका सरकारी दवाखान्यात झाली. बाजाराच्या दिवशी एकदा मी मैंदर्गीला उतरले. सर भावाच्या दुकानात पोत्यांना टेकून बसले होते. उन्हाचे दिवस, तरी अंगावर घोंगडीसारखी जाड शाल. गालावर दाढीचा एक केस नव्हता. पोट मांडीवर आलेलं. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "काय माळशिरस, किती मारलेस आतापर्यंत?" मी म्हटलं, मोजले नाहीत. "बरं," म्हणाले.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात समोर, देवळाच्या कट्ट्यावर एकाने चामड्याची बॅग उघडली. कुणा डॉक्टरकडे पूर्वी कंपाउंडर असलेला माणूस. दर बाजाराला येऊन ताकदीची इंजेक्शनं द्यायचा. रांग लागली. त्याने पहिल्याला टोचलं, सुई कापसाने पुसली आणि दुसऱ्याला टोचली. सर शाल धरून उठले आणि रस्ता ओलांडून गेले. मी मागे धावले.

"सुई उकळ," सर त्याला म्हणाले. धाप लागली होती. "एकाची दुसऱ्याला लावू नको. मारशील लोकांना."

तो माणूस रागावलासुद्धा नाही. हसून म्हणाला, "डॉक्टर, तुमी घरी जावा. घेऊन बाजारात येत जाऊ नका." रांग हसली. एक पोरगा मागून म्हणाला, "लई चढलीया."

मी सरकारी डॉक्टर आहे, पोलिसात देईन, असं मी ओरडून सांगितलं. त्याने लगेच बॅग मिटली. "जातो की बाईसाहेब, चिडता कशाला," म्हणाला आणि चालू लागला. त्यावर लोक माझ्यावरच उलटले. एक म्हातारी हात नाचवत म्हणाली, "चार कोस चालत आले मी सुईसाठी. तुमच्या दवाखान्यात पांढऱ्या गोळ्या देता नुसत्या. आता मला ताकद कोन देनार, हा?" तिने 'हा' म्हणताना सरांकडे बोट केलं होतं.

सर कट्ट्यावर बसले. भाऊ आला, त्याने दंडाला धरून त्यांना दुकानाकडे वळवलं. माझी बस लागली होती. सर म्हणाले, "होगव्वा, बस होगतैती." जा बाई, बस जाईल. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते बाजाराकडे बघत होते.

बस वळसा घालून निघाली तेव्हा मला खिडकीतून दिसलं. कंपाउंडर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, पुन्हा बॅग उघडून बसला होता. तीच रांग तिथे गेली होती, ती म्हातारीसुद्धा, बाही वर करून. आणि सर तिकडे चालले होते. भाऊ मागून शाल ओढत होता. शाल त्याच्या हातात आली. सर पातळ सदऱ्यात, भर बाजारात, तसेच पुढे चालत राहिले, आणि पोरं त्यांच्या छातीकडे बोट दाखवत त्यांच्या मागे लागली.